यातला आपला कोणता

"यातला सिद्धांत कोणता?" सुमेधानं विचारलं. संजय नुसता चहा ढवळत राहिला, तेव्हाच तिच्या लक्षात आलं की काहीतरी हातून निसटलं आहे.

जेवणाच्या टेबलावर स्टीलची थाळी होती. थाळीत लाल फडकं, आणि फडक्यावर चांदीचे पाच टाक. पाचही कोरे करकरीत. आगपेटीएवढ्या पत्र्यावर ठोकून उठवलेला घोडेस्वार, झुपकेदार मिशा, उगारलेली तलवार, घोड्याचा एक पाय उचललेला. पाचही घोड्यांचा तोच पाय उचललेला. खिडकीतून येणारं अमिरातीतल्या अल ऐनचं सकाळचं ऊन त्यांच्यावर पडलं होतं आणि पाचही सारखेच चमकत होते. संजय काल रात्रीच्या विमानानं नाशिकहून आला होता. बॅग अजून दारातच उभी होती.

"अहो, मी काय विचारते?"

"ऐकतोय ना. जुने पार झिजले होते गं. सोनार म्हणाला, दादा, यांचा कागद झालाय, स्नानाला चालायचे नाहीत, पाण्यात फाटतील. मग म्हटलं, त्याचा नवा करायचाच आहे तर सगळेच आटवून नवे करू. एका ठशातले. छान दिसतात की."

"आटवले? सगळे एकत्र?"

"एकाच मुशीत. वेगळं काय करायचं, चांदी ती चांदी."

"मग त्याचा कोणता?"

"टाकावर नाव नसतं, सुमेधा. तुला माहितीये."

"नाव नकोय मला. कोणता तेवढं सांगा."

"कोणताही समज ना," संजय म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या कानावर आलं असावं, कारण त्यानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं तो उगीचच पुसत बसला. मिहिका दात घासत घासत बाहेर आली, थाळीत वाकली आणि ब्रश तोंडातच ठेवून म्हणाली, "ओह. दे ऑल लुक द सेम." मग ती आईच्या तोंडाकडे बघून मुकाट्यानं बेसिनकडे गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला.

संजयच्या घराण्यात ही रीत फार जुनी. घरातला जो कोणी अकाली गेला, लढाईत, विहिरीत, साप चावून, लग्न व्हायच्या आधी, त्याचा टाक करायचा आणि देवघरात देवांच्या खालच्या पायरीवर ठेवायचा. त्याला वीर म्हणायचं. होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, घरातल्या मुलानं डोक्याला फेटा बांधून वाटीत सगळे वीर घ्यायचे, वाजतगाजत नाचवायचे आणि वाहत्या पाण्यात आंघोळ घालून घरी आणायचे. ते कोण होते हे विचारायचं नाही. विचारलं तरी सांगणारं कोणी नसायचं. या वर्षी राजननं, म्हणजे संजयच्या चुलतभावानं, नाशिकहून फोन केला होता की वर्षश्राद्ध झालं, आता पोराचा टाक करायला हवा, नाहीतर तो घराबाहेरच उभा राहील. सुमेधा तेव्हा कडाडली होती. वीर कसला? सोमवारी पहाटे ऑफिसला निघाला होता माझा मुलगा. तलवार नाही, घोडा नाही. आयुष्यात एकदा उंटावर बसवला तर रडून आकाश पाताळ एक केलं होतं त्यानं. जानेवारीतलं धुकं, दुबईचा रस्ता, पुढं एकावर एक आदळलेल्या गाड्या, आणि त्यांत त्याची पांढरी गाडी. डबा घेतलास का, असं तिनं दारातून विचारलं होतं. "यल्ला, चल आई, लेट होतोय," असं तो म्हणेपर्यंत लिफ्टचं दार बंद झालं होतं. यात वीर कुठं आला? पण त्या वर्षभरात सगळं एकेक करून गेलं होतं. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या ज्या फ्लॅटमध्ये तो आणखी तिघांबरोबर राहायचा तिथं त्याच्या पलंगावर दुसरा मुलगा आला. सिद्धांतचा व्हिसा रद्द झाला, मेलेल्या माणसाचाही करावा लागतो. नंबर बंद झाला. राख गोदावरीत गेली. या देशात तो जन्मला, वाढला, शिकला, नोकरीला लागला, आणि बोट ठेवून इथं आहे म्हणावं अशी वीतभर जागा त्याची उरली नाही. तेव्हा तीच एक दिवस संजयला म्हणाली, करा टाक. पण मला तो हातात धरता आला पाहिजे. तेवढंच तिनं मागितलं होतं.

आणि आता थाळीत पाच होते.

तिनं एकेक उचलून पाहिला. वजन सारखं. कडा सारख्या. अंगठा फिरवला, मिशा टोचल्या. जुन्या टाकांना चेहरे नव्हते, ते तिला बरं वाटायचं. पिढ्यान् पिढ्यांच्या बायकांनी चिंच लावून, राख लावून घासून घासून त्यांची नाकं, डोळे, मिशा पुसून टाकल्या होत्या, आणि नुसता घोड्याचा फुगवटा तेवढा उरला होता. तिच्या सासूबाई नर्मदाबाई म्हणायच्या, चेहरा गेला की समजावं पोचला. लग्न झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्या तिला सिन्नरकडच्या मूळ गावी घेऊन गेल्या होत्या. गावाबाहेर बाभळीखाली अर्धे मातीत रुतलेले वीरगळ उभे होते, यादवांच्या वेळचे म्हणत. तिथं नारळ फोडायचा होता. दगडावर खाली लढाई कोरलेली, चार गाई, दोन माणसं, एक आडवा पडलेला. त्याच्या वर दोन अप्सरा त्याला काखेत धरून उचलून नेताहेत. त्याच्या वर तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला, आणि अगदी माथ्यावर चंद्र आणि सूर्य. सगळ्या दगडांवर तेच. सुमेधा तेव्हा गणितातली पदवी घेऊन आलेली नवी नवरी. तिनं विचारलं होतं, "हे कोण?"

"आपला."

"आपला कोणता?"

"गाईंपायी गेला तो." आणि नर्मदाबाईंनी शेंदराचं बोट दगडावर ओढलं होतं. नाव कोरलेलं नव्हतं. तो कसा गेला ते दगडाला आठवत होतं, कोण गेला ते आठवत नव्हतं. तेव्हा तिला वाटलं होतं, काय ही माणसं, एवढा दगड घडवला, चार अक्षरं खोदता आली नाहीत? गेल्या वर्षभरात तो दगड तिच्या डोक्यात पुष्कळदा येऊन गेला. वर्गात मुलांसाठी फळ्यावर वर्तुळ काढताना, लुलू सुपरमार्केटमध्ये कांदे निवडताना तिला मध्येच सिद्धांतचा दगड दिसायचा. खाली गाड्या, एकीत एक घुसलेल्या, आणि धुकं. पण धुकं दगडात कोरणार कसं? मधल्या पट्टीत त्याला उचलून नेणारे दोघे, हेल्मेट घातलेले, हिरव्या कपड्यातले, त्यांचे चेहरे तिनं पाहिलेले नव्हते. वरच्या पट्टीत तो कशापुढं बसलेला असेल ते मात्र तिला कधीच दिसलं नाही. तिथं दगड कोराच राहायचा.

"निघायला हवं," संजय दबक्या आवाजात म्हणाला. "ऊन चढेल. आज शुक्रवार, नमाजाच्या आधी परत येऊ."

सुमेधानं एक टाक उलटा केला. मग दुसरा. आणि तिसऱ्याला तिच्या बोटाला काहीतरी लागलं. पाठीवर उठून आलेले तीन ठिपके, एका ओळीत. पुढून दाभणानं टोचल्यासारखे, घोड्याच्या पोटाखाली, गवत काढलंय असं वाटावं तसे.

"हे?"

"ते होय? ते सोनारानं घातले परत. जुन्यातल्या एकाच्या पाठीवर होते ना, म्हणून. म्हणाला, माझ्या बापानंही घातले होते, त्याच्या बापानंही. आपण सोडायचे नाहीत."

"का पण?"

"का म्हणजे? होते म्हणून."

तिला ते ठिपके ठाऊक होते. सिद्धांत सहा वर्षांचा होता तेव्हाची धुळवड. तिची जुनी ओढणी फेटा म्हणून त्याच्या डोक्याला बांधलेली, ती सारखी डोळ्यावर घसरायची. दिवाणखान्यात टेप बारीक आवाजात लावून त्यानं वाटी डोक्याशी धरून थयथया नाच केला होता, खालच्या मजल्यावरच्यांनी काठीनं छत ठोकेपर्यंत. वाहतं पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न संजयनं पहिल्याच वर्षी सोडवला होता. अल ऐनच्या खजुराच्या बागेतून जुने पाट वाहतात, फलज म्हणतात त्यांना. डोंगराच्या पोटातलं पाणी उतारानं आणून आळीपाळीनं बागांना देतात. संजय म्हणाला, उगम आहे, उतार आहे, म्हणजे नदीच. तर त्या वर्षी पाटाच्या दगडी कडेवरून सिद्धांतचा पाय सरकला, वाटी उडाली, आणि त्याची उजवी भुवई फुटली. टाक पाण्यात गेले, संजय गुडघाभर पाण्यात उतरून चाचपत होता, रक्त बघून मिहिका बाबागाडीत किंचाळत होती. एक टाक मात्र सिद्धांतनं घट्ट धरून ठेवला होता. टाके घालून होईपर्यंत त्यानं मूठ उघडली नाही. दवाखान्यातली नर्स कुबरा त्याला चॉकलेट दाखवत होती, तरी नाही. गाडीत झोप लागली तेव्हा सुमेधानं त्याची बोटं सोडवली, तर गुलाबी तळहातावर तीन ठिपके उमटले होते. तिनं रात्री सासूबाईंना फोन करून विचारलं. "असतात," नर्मदाबाई म्हणाल्या. "एकाला असतात. माझ्या सासूनं सांगितलं, ते राहू द्यायचे." का, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

सुमेधानं टेबलापाशी उभ्या उभ्या तो टाक पुन्हा उलटा केला. कोणाला तरी एकेकाळी असंच झालं होतं. थाळीत सारखे घोडेस्वार आले होते, आणि कोणीतरी बाईनं, चुलीपुढच्या, नाव गाव काहीच न उरलेल्या, विचारलं होतं, यातला माझा कोणता? तिला उत्तर मिळालं नव्हतं. मग तिनं दाभण घेतलं होतं. तीनच का? तीन काय होते त्याचे? तीळ? तीन वर्षांचा होता? की तीन वेळा टोचल्यावर बाईचा हातच चालेना? ती बाई गेली, तिला ओळखणारे गेले, टाक झिजले, आटले, पुन्हा झाले, आणि ठिपके मात्र एका सोनाराच्या हातातून दुसऱ्या सोनाराच्या हातात येत राहिले, काहीही न सांगता. सुमेधा आपल्या शाळेच्या बॅगेपाशी गेली, कंपासपेटी उघडली आणि कर्कटक काढून पर्समध्ये टाकलं.

गाडीत वाटी मिहिकाच्या मांडीवर होती. "मुली नाही घेत वीर," संजय सवयीनं म्हणाला, आणि मिहिका म्हणाली, "देन हू विल, बाबा?" प्रत्येक वळणाला वाटीत चांदी किणकिणायची, आणि प्रत्येक वेळी सुमेधाच्या छातीत धस्स व्हायचं. शुक्रवारी संध्याकाळी दुबईहून आला की तो गाडीची किल्ली दारातल्या काचेच्या ताटलीत टाकायचा, तेव्हा हाच आवाज यायचा. वर्षभर तिला तो रिकाम्या घरात ऐकू येत होता. भाजी परतताना, उत्तरपत्रिका तपासताना. ती उठून बघायची, ताटलीत काहीच नसायचं. आता तोच आवाज मागच्या सीटवरून येत होता आणि वळून बघायची तिची हिंमत होत नव्हती. रस्त्याकडेला कबरस्तान लागलं. भिंतीपलीकडं वाळूचे उंचवटे, प्रत्येकाच्या उशाशी एक दगड, पायाशी एक. कशावरही नाव नाही. इतकी वर्षं ती इथून जात होती. आज पहिल्यांदा तिला ते दगड उघडे वाघडे वाटले नाहीत. कोणीतरी बरोबर जागी आणून ठेवले होते ते, आणि ठेवणाऱ्याला माहीत होतं.

बागेत सावली होती. खजुरांच्या झावळ्यांतून ऊन तुकड्या तुकड्यांनी पडत होतं. पाटाचं पाणी आवाज न करता चाललं होतं. पाटाची फळी उघडणारा शौकत त्यांना दुरूनच ओळखून आला. मुलतानचा म्हातारा, दाढी आता पार पांढरी. रोजा असल्यामुळं ओठ सुकलेले.

"होली मुबारक, साहब. मैं सोच रहा था आज आओगे. और वो पगड़ीवाला? छोटा साहब नहीं आया?"

"दुबई में है," संजय म्हणाला. चटकन, हसून. "काम बहुत है उसको."

"चलो अच्छा है, इन्शाल्ला तरक्की करेगा," असं म्हणत शौकत पुढच्या वाफ्याकडे गेला. सुमेधानं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर ते हसू तसंच राहून गेलं होतं, काढून ठेवायला विसरल्यासारखं. तिला त्याचा राग आला नाही. पाटाच्या काठी, त्या एका वाक्यापुरता, सिद्धांत दुबईत होता. एअर-कंडिशनखाली बसून कॉफी पीत होता. वाक्य संपलं तसा तो पुन्हा गेला.

ती दगडी कडेवर बसली. मिहिकानं वाटी खाली ठेवली. सुमेधानं ठिपक्यांचा टाक बाजूला काढला. उरले चार. चारही तिनं मांडीवर ओळीनं मांडले आणि वाट पाहिली. कशाची ते तिलाही सांगता आलं नसतं. एखादा जरा गरम लागेल, एखादा हलेल, एखाद्याच्या मिशा कमी उर्मट वाटतील. झावळीची सावली चौघांवरून सरकली. चौघेही तलवारी उगारून गप्प. तिनं डोळे मिटून त्यातला एक उचलला आणि पर्समधून कर्कटक काढलं.

"अगं! हे काय करतेस? टाकाला टोचू नये."

"मग ते तीन कोणी टोचले?"

तिनं टाक दगडावर टेकवला, कर्कटकाचं टोक घोडेस्वाराच्या उजव्या भुवईवर ठेवलं आणि ओढलं. एकच तिरकी रेघ. चांदी मऊ होती, टोक सरकलं आणि रेघ शेवटी जराशी घसरली. बरोबर तशीच घसरली होती त्याची टाक्यांची रेघ, कपाळाकडे.

मिहिका शेजारी उकिडवी बसली होती. "आई, हाउ डू यू नो दॅट्स दादा?"

"माहीत नाही."

"देन?"

"आता हा."

मिहिकानं टाक तिच्या हातातून घेतला, रेघेवरून बोट फिरवलं, आणि मराठीत म्हणाली, "त्याला राग यायचा ना कोणी भुवईला हात लावला की." आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा वेडावाकडा झाला. संजय त्यांच्याकडे पाठ करून एका खजुराच्या बुंध्याला हात लावून उभा राहिला.

शौकत फळीपाशी आला होता. "थोड़ा पानी और छोड़ दूं?" त्यानं विचारलं. मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं असावं. तो तिथंच थबकला.

"शौकतभाई," सुमेधा म्हणाली, "वो दुबई में नहीं है. पिछली सर्दी में गया. धुंध में, गाड़ी में."

म्हातारा हळूच ओठांत काहीतरी पुटपुटला, दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले. मग विचारलं, "नाम क्या था बच्चे का? इतने साल आया, मैंने कभी पूछा नहीं."

"सिद्धांत."

"सिद्धांत," तो म्हणाला. नीट, सावकाश, जड वस्तू जपून खाली ठेवावी तसं. मग त्यानं वाकून फळी उचलली आणि पाट भरून पाणी आलं.

मिहिकानं वाटी पाण्यात धरली. पाणी चढलं, चांदीवरून गेलं, आणि टाक एकमेकांवर घासून किणकिणले. या वेळी सुमेधा दचकली नाही. तिनं रेघेचा टाक घेतला, मुठीत धरला आणि मूठ पाण्यात घातली. पाणी डोंगराच्या आतलं, इतकं गार की हाडापर्यंत गेलं. तिला आता स्पष्ट दिसत होतं की हा चेहरा झिजणार आहे. ती घासेल, तिच्यामागून मिहिका घासेल, घासली तर. मिशा जातील, तलवार जाईल. कधीतरी कोणी आटवेल. मग कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी टेबलापाशी, कोणीतरी म्हणेल, एकाच्या भुवईवर रेघ असते, ती सोडायची नाही. का, ते त्यांना माहीत नसेल. सिद्धांत हे नाव तिथं पोचणार नाही. डबा, लिफ्ट, धुकं, काहीच पोचणार नाही. फक्त एवढं पोचेल की हा कोणाचा तरी होता, आणि तिला तो इतरांत मिसळू द्यायचा नव्हता. तिनं मूठ उघडली. तळहातावर तिरका वळ उमटला होता.

ठिपक्यांचा टाक अजून कोरडाच दगडावर पडला होता. ऊन सरकत त्याच्यापर्यंत आलं होतं. सुमेधानं तो पाण्यात घालायला हात पुढं केला आणि मध्येच थांबली. तिच्या डाव्या अंगाला कोणीतरी उभं होतं. तिनं मान वळवली नाही. वळवली असती तर खजुराची सावली दिसली असती, तेही तिला ठाऊक होतं. पण घाटावर आपला नंबर लागायची वाट बघत बाई जशी उभी राहते, घाई न करता, हातात एका दाभणाशिवाय दुसरं काही नसल्यासारखी, तसं कोणीतरी उभं होतं. खूप वेळ उभं होतं.

सुमेधानं साडी सावरली आणि कडेवर थोडी सरकली. शेजारी आणखी एकीला बसता येईल एवढी.